मेहकर ते पर्थ, एका प्रस्थानापायी

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, ज्योतीवर. बुधवारी सकाळी सव्वासात वाजता, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, दवाखान्याच्या खाटेवर बसून तिनं स्वतःच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली. त्या वेळी तिच्याजवळ घरचं एकही माणूस नव्हतं. आई असायला हवी होती. आई मंगळवारी दुपारीच तिथं पोचली असती. ती का पोचली नाही ते मी इथं लिहिते आहे, आणि कुणाकुणामुळे पोचली नाही तेही लिहिते आहे. त्या यादीत मीसुद्धा आहे.

परदेशच्या प्रवासवर्णनांत विमान सुटलं की गोष्ट सुरू होते. आमचं विमान वेळेवर सुटलं. फक्त आम्ही त्यात नव्हतो. आमचं गाव मेहकर, बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. इथून पर्थला पोचायला एक दिवस पुरतो. आम्हाला घराचा उंबरा ओलांडायलाच दोन दिवस लागले. तेव्हा या वर्णनात समुद्र कमी आणि आमची ओसरीच जास्त सापडेल. तक्रार असेल तर आमच्या आप्पांकडे करा, म्हणजे वडिलांकडे.

मेहकर, शनिवार

ज्योतीचे दिवस भरायला अजून सहा आठवडे होते. आईचा आणि माझा व्हिसा येऊन पडला होता, संक्रांत करून निघायचं ठरलं होतं. शनिवारी दुपारी तिचा फोन आला. बीपी वाढलंय, पायांवर सूज आहे, दवाखान्यात ठेवून घेतलंय, आणि बुधवारी सकाळी पोट उघडून बाळ काढणार आहेत. दाजी तिकडं उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर काम करतात, दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी. नेमके ते खाणीवर होते आणि वादळामुळं तिथली विमानं बंद होती.

"एकटीच हाईस व्हय?" आईनं विचारलं.

"नर्सा हाईत की," ज्योती म्हणाली. "तू येशील न्हवं आई, बुधवारच्या आत?"

"येते," आई म्हणाली. फोन माझ्या हातात दिला आणि कढईत डिंक तळायला घेतला. पुढचे दोन दिवस ती लाडू वळत होती आणि बाकीचे सगळे बोलत होते.

भालकी, रविवार

ऐन वेळेला परदेशाचं तिकीट काढणं हा एक वेगळाच छळ आहे. मोबाइलवर दिसणारा भाव आपण नाव टाइप करेपर्यंत चढतो. नाव टाइप झालं की सीट जाते. सीट राहिली तर ओटीपी येत नाही. आमचा ओटीपी आप्पांच्या फोनवर येणार होता, आप्पांचा फोन चार्जिंगला होता, आणि मेहकरात लाइट नव्हती. शेवटी सकाळच्या बसनं मी भालकीला गेले. तिथं इरफानभाईंचं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज आणि मक्केच्या उमराह यात्रेची तिकिटं, सगळं एकाच टेबलावर.

इरफानभाईंनी दहा मिनिटं कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाजी, आज कुछ नै. कल हैदराबाद से शाम की फ्लाइट, सिंगापूर बदलके, मंगल की दोपहर कू पर्थ. दोच सीटां हैं. अब्बी बोलो, बाद में मेरेकू नक्को बोलो."

"करा," मी म्हटलं.

"अब्बाजान कू पूछे क्या?"

"जायचं मला आणि आईला आहे, भाई. त्यांना कशाला विचारू?"

"नै, मैं पूछा. मेरे यहां लोगां बुकिंग करतैं, फिर अब्बाजान आके कैन्सल करातैं." ते हसले आणि त्यांनी तिकीट काढलं. पुढं त्यांचं खरं ठरणार होतं हे तेव्हा मला कळलं नाही.

दुपारी घरी पोचले तर आप्पा ओसरीवर पंचांग उघडून बसलेले. आप्पा निवृत्त मास्तर आहेत. तीस वर्षं त्यांनी पोरांना ग्रहणाची आकृती फळ्यावर काढून शिकवली आणि ग्रहणाच्या दिवशी घरी येऊन पाण्यात दर्भ टाकला.

"उद्या काय हाय, ठावं हाय का तुला?"

"विमान हाय."

"अमावस्या हाय. येळवस हाय. आणिक सोमवारी पूर्वेला दिशाशूल. हैदराबाद पूर्वेला, ऑस्ट्रेलिया पूर्वेला. घरातनं बाळंतिणीकडं निघालेलं माणूस असल्या दिवशी भाईर काढतेत का?"

"आप्पा, विमान पंचांग बघून सुटत न्हाई."

"आणि तुझ्या पत्रकानं अमावस्या टळत न्हाई."

मी पत्रकं लिहिते, छापते आणि बसस्टँडवर वाटते, मुलींच्या शाळेच्या बससाठी, लवकर लावल्या जाणाऱ्या लग्नांविरुद्ध. आप्पा त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं काढतात, मजकुराबद्दल काही बोलत नाहीत. त्यामुळं हा टोमणा मला जरा लागला.

मी म्हटलं, मग आजच निघू. संध्याकाळी हैदराबादला जाऊ, लॉजवर राहू, म्हणजे उद्याचा प्रश्नच नाही. आप्पा म्हणाले, तिथं कुणाची ओळख न्हाई, बायकामाणसांनी लॉजवर कामून राहायचं? खरं कारण त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही ते काढलं नाही. आमच्या लातूर-बीदर-कलबुर्गी पट्ट्याबाहेरच्यांना येळवस माहीत नसेल. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावच्या गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, आंबील, ज्वारीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खीर खायची. त्यासाठी घरातल्या बाईनं पहाटे चारला उठून पाटीभर स्वयंपाक करायचा असतो. आई रविवारीच गेली असती तर आमच्या घरचा तो स्वयंपाक कुणी केला असता? दोन तासांच्या वादात हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं नाही.

शेवटी तोड आप्पांनीच काढली. प्रस्थान ठेवायचं.

प्रस्थान म्हणजे असं. प्रवासाचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या वेळेला आपलं सामान घराबाहेर काढायचं आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं मानतात. मग निघायच्या दिवशी ते वाटेत उचलायचं. एकदा ठेवलेलं सामान परत घरात आणायचं नाही.

"रिकामी पिशवी ठिवून चालत न्हाई," आप्पा म्हणाले. "जाणाऱ्याची किमती वस्तू पायजे त्यात."

मला इतका राग आला होता की मी कपाटातून फाइल काढली. दोन्ही पासपोर्ट, व्हिसाचे कागद, तिकिटं. "हे घ्या, यापरीस किमती काय हाय घरात?" असं म्हणत लाल हँडबॅगेत टाकली आणि चेन ओढली. ती फाइल बॅगेत आप्पांनी टाकली नाही, मी टाकली. त्यांना खिजवायला टाकली.

गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला कमळाक्का राहतात. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता एकट्याच असतात. बॅग घेऊन गेलो तर म्हणाल्या, "ठिव की. माझं घर म्हंजे काय परमुलूख हाय व्हय?"

"आजच्या दिवस परमुलूखच," आप्पा म्हणाले.

"मग माझा पण पासपोर्ट काढा की, मास्तर. रोज पाण्याला तुमच्याच नळावर येते मी."

सगळे हसले. आई हसली नाही. ती दारात पिठाचे हात घेऊन उभी होती.

मेहकर, सोमवार

साडेदहाला गाडी आली. गाडीवाला नागनाथ, भालकीचा. आईचा पाटीभर स्वयंपाक डोक्यावर घेऊन आप्पा शेताला गेले होते. जाताना आईला म्हणाले, "नीट जा. पोचलीस की फोन कर." आईनं मोठ्या बॅगा गाडीत ठेवल्या आणि आम्ही प्रस्थान उचलायला गल्लीच्या टोकाला आलो.

कमळाक्काच्या दाराला कुलूप. बाजूच्या घरालाही कुलूप. त्याच्या बाजूच्याही. येळवशीला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. आम्ही दोन तास मुहूर्त, दिशा, वार सगळं बघितलं. ज्या घरात पासपोर्ट ठेवला ते घर सकाळी उघडं असेल का, हे कुणी बघितलं नाही.

मी फोन लावला. कमळाक्काचा फोन आतून वाजला. खिडकीतून ऐकू येत होतं.

"शुभे," आई म्हणाली, "ऐक."

पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ज्योतीचा फोन येईल म्हणून माझा मोबाइल आईच्या हातात दिला, "तू हितंच बस," म्हटलं आणि नागनाथला गाडी शेताकडं घ्यायला सांगितली. अकरा वाजले होते. विमानतळ साडेचार तासांवर. संध्याकाळी सातला काउंटर बंद.

कमळाक्काचं शेत ओढ्याकाठी आहे. खोप होती, पाच पांढरे पांडव होते, दिवा जळत होता, माणूस नव्हतं. शेजारच्या तुरीतून मलप्पाकाका आले.

"कमळाक्का? आत्ता हितंच जेवली की. वरच्या शेताकडं गेली. बस पोरी, भज्जी खाऊन जा."

"काका, विमान हाय माझं."

"विमानात भज्जी देतेत व्हय? बस."

ज्यांनी येळवस पाहिली नाही त्यांना सांगते, हे नाकारता येत नाही. त्या दिवशी शेताच्या बांधावर आलेलं माणूस न जेवता गेलं तर शेताचा अपमान होतो असं मानतात. शेजारी, वैरी, गाडीवाला, सगळ्यांना वाढतात. मी उभ्यानं चार घास खाल्ले. वालाचे दाणे, हिरवी तूर, गाजर, मेथी, बेसन, वरून आंबील. फार चांगलं झालं होतं, आणि ते चांगलं लागतंय याचाच मला संताप येत होता. नागनाथ मांडी घालून बसला होता आणि तिसरा उंडा कुस्करत होता.

वरच्या शेतात कमळाक्का येऊन गेल्या होत्या. तिथंही पान वाढलेलं. "दोनच घास," असं म्हणत तिथल्या बायकांनी चार डाव वाढले. तिथून माळावरच्या शेतात. मध्ये ओलं रान, गाडी रुतली. तिथल्या माणसांनी ढकलली आणि ढकलल्याबद्दल पुन्हा जेवायला बसवलं. नागनाथ आता इतका जेवला होता की स्टिअरिंगवर डोळे मिटत होता. मी त्याला सारखी चिमटे काढत होते. करडई फुलायच्या बेतात होती, ज्वारी कणसात होती, आभाळ स्वच्छ होतं. दुसरा कुठला दिवस असता तर मी सुखानं वर्णन केलं असतं.

कमळाक्का सापडल्या त्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर. साठीची बाई, पदर खोचलेला, दोन बायका मागून झोका देत होत्या.

"अगं बाई, विमान आज हाय व्हय?" त्यांनी पाय टेकून झोका थांबवला. "माझ्या सासूचं प्रस्थान आठ-आठ दिस पडून राहायचं लोकाच्या घरी. मला वाटलं, मास्तरानं बॅग ठिवली म्हंजे आठवडा तरी बघायचं काम न्हाई."

किल्ली कमरेलाच होती. मी त्यांना गाडीत घातलं. गावात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

आई कमळाक्काच्या ओट्यावर बसली होती. लाल बॅग मांडीवर. बाजूला आमच्या घरचा वरवंटा, आणि दाराला लोंबणारा तुटका कोयंडा.

"कवा तोडलंस?" मी विचारलं.

"तू गेलीस आणि मी तोडलं."

तीन तास. तीन तास ती पासपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती, आणि गाडी मी नेली होती. नागनाथचा नंबर तिच्याकडं नव्हता. आप्पांना तिनं फोन लावला होता, पण शेतात रेंज नव्हती.

"तेच सांगत हुते तुला," आई म्हणाली. "ऐक म्हणले. तू गाडीचं दार लावून गेलीस."

मी कमळाक्काकडं बघितलं. त्यांनी कोयंडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "बरं केलंस. मी असते तर मीच तोडला असता. गाडीत बसा आता, निघा."

हैदराबाद, सोमवार ते मंगळवार

बीदरची तांबडी माती, जहिराबादचे आल्याचे ढीग, संगारेड्डीजवळ ट्रकांची रांग. त्या रांगेत आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो. काउंटरवर पोचलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवून दाखवला. विमान अजून खाली उभं होतं. काचेतून दिसत होतं. माझी बहीण, बुधवार, ऑपरेशन, मी सगळं सांगितलं. ती बसा म्हणाली, पाणी दिलं, वरच्या माणसाशी बोलून आली आणि मान हलवली. तिच्यावर माझा राग नाही. ती तिच्या घड्याळाप्रमाणं वागली.

इरफानभाईंनी फोनवर दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेच्या दोन सीटा धरल्या. "बाजी, मैं पूछा था ना," एवढंच म्हणाले. मग आप्पांचा फोन आला. मी सांगितलं की विमान चुकलं, उद्या जातोय. 

"बरं झालं," आप्पा म्हणाले. "अमावस्या तरी टळली."

मी फोन ठेवला. त्यानंतर दहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

विमानात

विमानात आईनं पिशवीतून ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. पलीकडच्या सीटवर निजामाबादचा एक मध्यमवयीन माणूस होता, मुलाकडं चालला होता. त्यानं विमानातल्या ताटाकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि तेलुगूत काहीतरी विनवलं. आईला तेलुगू येत नाही. तिनं अर्धी भाकरी मोडून दिली. त्यानं बदल्यात गोंगुऱ्याचं लोणचं दिलं. नंतर दोघं काही न बोलता एकमेकांकडं बघून माना हलवत जेवले.

जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं, "आई, मी आप्पांशी खूप भांडले गं. तरी ऐकलं न्हाई त्यांनी."

"भांडलीस की."

"मग?"

"तू त्यांच्याशी भांडलीस, ते तुझ्याशी भांडले." तिनं चटणीची पुडी नीट घडी घालून बांधली. "मला कुणी इचारलंच न्हाई. मी तर शनिवारी सांजच्यालाच निघाले असते. हैदराबादला जाऊन बाकड्यावर बसले असते दोन दिवस. स्वयंपाक काय, तुझे आप्पा एक येळवस बिस्किटं खाऊन करते."

 दोन तासांच्या त्या वादात मी बाईच्या निर्णयाच्या हक्कावर काय काय बोलले होते ते मला आठवत होतं. बाई तीन पावलांवर लाडू वळत होती.

बुधवारी सकाळी सव्वासातला आम्ही सिंगापूरच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होतो. तिथलं आणि पर्थचं घड्याळ एकच आहे. ज्योतीचा मेसेज आला, "सही केली. आत नेतायत." मी वाचून दाखवला. आईनं फोन घेतला आणि पुढचं विमान सुटेपर्यंत परत दिला नाही.

पर्थ, बुधवार दुपार

पर्थच्या विमानतळावर खाण्यापिण्याचं सगळं सांगावं लागतं. आम्ही सगळं सांगितलं. उंच, पांढऱ्या दाढीच्या अधिकाऱ्यानं हातमोजे घातले. कडुनिंबाचा पाला आणि अहळीव कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात गेले. डिंकाचे लाडू दोघांनी मिळून तपासले, वास घेतला आणि परत दिले. "कुणासाठी?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं झाकण स्वतः घट्ट लावून दिलं.

ज्योती शुद्धीवर होती. पिवळी पडली होती, ओठ कोरडे. मुलगी झाली होती, दोन किलोच्याही आत, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण श्वास स्वतःचा घेत होती. आई खाटेजवळ गेली आणि तिनं ज्योतीच्या कपाळावर हात ठेवला.

"कागदावर लिहायचं हुतं, जवळचं माणूस कोण," ज्योती म्हणाली. "मी तुझं नाव लिहिलं. नर्सनं इचारलं, कुठं हाय? मी म्हणले, वाटंत हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं, मी मेले तर हे दवाखान्यातले लोक काय करतील, नाव वाचून कुणाला हाक मारतील?"

 आईचा हात तिच्या कपाळावर तसाच होता.

तिकडचं सगळं सोन्याचं असतं असं मी म्हणणार नाही. ज्योती चार दिवस दवाखान्यात होती आणि तिच्या शेजारणीला पत्ता नव्हता. आमच्याकडं कमळाक्काला चहाच्या आत कळलं असतं, आणि दुपारी गरम पेज आली असती. कुलूप तुटलं तर तिथं पोलीस आले असते. पण एक गोष्ट मी तिथं सहा आठवडे रोज पाहिली. पडदा सरकवायचा तरी विचारतात. सुई टोचायची, दिवा लावायचा, पाणी द्यायचं, तरी आधी विचारतात, आणि जिला विचारायचं तिलाच विचारतात.

पहिल्याच संध्याकाळी नर्सनं आईकडं बघून काहीतरी विचारलं. मी सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नर्सनं मला हातानं थांबवलं, आईकडं बोट दाखवलं, आणि मी फक्त तिला मराठीत सांगावं अशी खूण केली.

"आई, ती इचारतेय, नात छातीशी धरणार का?"

आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, जणू तिथून कुणी उत्तर देणार होतं. 

"व्हय," आई म्हणाली. "आत्ताच द्या म्हणावं."

आता तुमच्याकडं येते. हे वाचणारे तुम्ही, तुमच्याही घरात कुठंतरी निघायची, नाहीतर न निघायची बोलणी चालू असतील. लेकीकडं, दवाखान्यात, परीक्षेला, नोकरीला, कुठंही. पंचांगवाले एका बाजूला आणि माझ्यासारखे शहाणे दुसऱ्या बाजूला जोरात भांडत असतील. दोन्ही बाजूंनी गप्प बसा. जी जाणार आहे ती बहुतेक आत काहीतरी करत असेल. आत जा, तिच्या हातातलं काम काढून घ्या आणि विचारा, तुला कधी निघायचंय? ती सांगेल त्या वेळी निघू द्या. तिचे कागद कपाटातून काढा आणि तिच्या स्वतःच्या हातात द्या. उद्या नाही. आजच, जेवायला बसायच्या आधी.